जोत्याच्या आधीची माती

अजिंक्यताऱ्याच्या उत्तर उतारावर, साताऱ्याच्या जुन्या वस्तीत आमचे घर आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात गल्लीच्या वरच्या अंगाला एका भूखंडावर इमारतीसाठी उतार कापला गेला आणि निघालेला मुरूम व माती रस्त्याच्या कडेला ढिगाने रचून ठेवण्यात आली. आठवड्याभरात वळवाचा पाऊस तासभर कोसळला आणि निम्मा ढीग आमच्या गटारात उतरला. गटार तुंबले, तांबडे पाणी खालच्या तीन घरांच्या उंबऱ्यावरून आत शिरले आणि शेजारच्या काकूंनी वर्षासाठी भरून ठेवलेली ज्वारी भिजली. बांधकाम करणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी माणसे पाठवून गाळ काढून दिला, हे मी मान्य करते. परंतु काढलेला गाळ गटाराच्या काठावरच पडून राहिला आणि पुढच्या सरीत पुन्हा आत गेला.

एक गुंठा जागेवर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी सुमारे एक हजार लिटर होते. दहा गुंठ्यांच्या भूखंडावर ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर पन्नास हजार लिटर. गवत व झुडपे असलेल्या जमिनीत त्यातले बरेचसे पाणी मुरते. उघड्या, यंत्राने दाबलेल्या जमिनीवरून मात्र ते धावत सुटते आणि पाण्याचा वेग वाढला की माती वाहून नेण्याची त्याची ताकद कित्येक पटींनी वाढते. शहराच्या उतारावरून निघालेला हा गाळ ओढ्यांतून वेण्णेला आणि संगम माहुलीला कृष्णेला मिळतो. म्हणजे आमच्या गल्लीतली माती कऱ्हाड, सांगलीकडे निघालेली असते.

नियम अजिबात नाहीत असे नाही. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संकलनाची सोय बंधनकारक आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी बांधकामाच्या राडारोड्यामुळे रहदारी किंवा गटारे अडू नयेत, असे बजावले होते. २०,००० चौरस मीटर व त्यावरील बांधकामांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. परंतु आमच्यासारख्या गल्लीतली इमारत त्या मर्यादेच्या खूप खाली असते, राडारोड्याच्या नियमांचा रोख विटा-काँक्रीटवर असतो आणि पर्जन्यजलाची सोय झाली की नाही, हे इमारत वापरायला परवानगी देणाऱ्या भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी पाहिले जाते. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हाती आल्यापासून जोते तपासणीपर्यंतचा (म्हणजे पायावरचा चौथरा बांधून झाल्यावर होणाऱ्या तपासणीपर्यंतचा) जो काळ असतो, त्याच काळात जमीन सर्वांत जास्त उघडी असते आणि नेमक्या त्याच काळात मातीचे काय होते, हे तपासण्याचा टप्पा नाही. माझे सारे म्हणणे या मधल्या काळाविषयी आहे.

अमेरिकेत एक एकर किंवा त्याहून अधिक जमीन उघडी करणाऱ्या बांधकामाला पावसाच्या पाण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो, आणि काम थांबलेल्या ठिकाणची माती ठरावीक दिवसांत झाकावी लागते. ती मर्यादा इथे जशीच्या तशी आणून उपयोग नाही. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, आणि आमच्या पेठांमध्ये दोन-चार गुंठ्यांचा भूखंडही उतारावर असला तर खालच्या दहा घरांना पुरेसा त्रास देतो. आपल्याकडे मर्यादा क्षेत्रफळापेक्षा उतारावर आणि खोदाईच्या खोलीवर ठरली पाहिजे.

खरे तर हे शिकायला इतक्या दूर जाण्याची गरजच नाही. याच जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातील वेळू गाव २०१६ च्या वॉटर कप या गावोगावच्या जलसंधारण स्पर्धेत पहिले आले. पाणलोटाच्या कामात माथा ते पायथा हा क्रम शाळकरी पोरेही सांगतात: आधी वरून येणारे पाणी चर खणून वळवायचे, मग उतारावर अडवायचे, मग खाली मुरवायचे. तोच क्रम भूखंडावर लागू होतो. खोदाईच्या वरच्या बाजूला चर, मातीच्या ढिगावर ताडपत्री, खालच्या कडेला वाळूच्या गोण्यांची रांग आणि पाणी बाहेर पडते तिथे गाळखड्डा. यात गाळखड्ड्यावर फार विसंबू नये, असे माझे मत आहे. वाळू त्यात लगेच बसते, पण चिकणमातीचे कण कित्येक दिवस पाण्यात तरंगत राहतात. ते थांबवायचे तर माती मुळात उघडी न ठेवणे हाच मार्ग उरतो.

म्हणून नगरपालिकेने प्रारंभ प्रमाणपत्रातच तीन अटी घालाव्यात, अशी माझी मागणी आहे. उतारावरील खोदकाम जून ते सप्टेंबर या महिन्यांत नव्याने सुरू होऊ नये. चर, गोण्या व ताडपत्री यांचे छायाचित्र दाखवल्याखेरीज खोदयंत्र जागेवर येऊ नये. आणि या कामासाठी अनामत घेतली जावी, जेणेकरून गटारात गाळ गेला तर तो काढून शहराबाहेर नेण्याचा खर्च त्यातून वळता होईल. खर्च वाढेल, अशी हरकत येईल. ताडपत्री आणि गोण्यांचा खर्च इमारतीच्या एकूण खर्चात किरकोळ आहे, आणि आज तोच खर्च खालच्या घरांतील माणसे आपल्या भिजलेल्या धान्याने भरत आहेत.

गल्लीतील रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज तयार केला आहे. उतारावर राहणाऱ्या इतर पेठांतील कोणाला त्यात आपल्या भागाची छायाचित्रे जोडायची असतील, तर या महिन्याअखेरीपर्यंत इथेच कळवावे.