‘गोड बातमी कधी?’ हे विचारूच नये

एका लेखात म्हटलंय की आपुलकीनं विचारलेलं ‘गोड बातमी कधी?’ कुणी मनाला लावून घेत नाही. अजिबात पटलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे साधारण दर ६ प्रौढांमागे एकाला कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं. बहुतेक गर्भपात पहिल्या १२ आठवड्यांतच होतात, म्हणजे अनेकदा नातेवाइकांना कळवण्याआधीच. आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचारात, १०-१२ दिवस रोज इंजेक्शनं, गर्भ गर्भाशयात सोडल्यावर निकालाला आणखी दोनेक आठवडे. त्या दिवसांत अशी एखादी हळदीकुंकवाला आली आणि वाण देता देता कुणी पोटाकडे बघत विचारलं, तर तिनं चारचौघींत सांगायचं तरी काय?

“काय गं, कशी आहेस?” एवढं पुरे. सांगायचं असेल तर ती सांगेल. तुटक उत्तर आलं, नजर वळली, की विषय तिथेच सोडायचा. “अगं, सहज विचारलं” म्हणत पुन्हा खोदायचं नाही. डॉक्टरांचे पत्ते, उपास, नवस तर तिनं मागितल्याशिवाय नकोतच. अशा वेळी सासूबाईंनीच मध्ये पडावं: “त्यांचं ते बघतील. तिळगूळ घ्या.”