सायकल उलट्या बाजूने चालवायची? हा सल्ला कुणालाही देऊ नका

‘नाशिककरांनो, सायकलबद्दलची पाच सत्यं’ नावाचा फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवर येऊन पडला. शेजारच्या वहिनींनी तो खरा मानून आठवीतल्या मुलाला बजावलं, ‘क्लासला जाताना उजव्या कडेने जा.’ म्हणून हे लिहावं लागतंय.

पाचातलं पहिलंच ‘सत्य’ जीवावर बेतणारं आहे: रस्त्याच्या उजव्या कडेने, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून सायकल चालवा, म्हणजे गाडी दिसते. हा नियम पायी चालणाऱ्यांचा. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर तो बरोबरच आहे, कारण चालणारा एका पावलात बाजूला होतो. सायकलला तसं होता येत नाही.

जरा हिशोब करा. सायकल ताशी १५ किमी, बाइक ४०. एकाच दिशेला असाल तर अंतर २५ च्या वेगाने कमी होतं. समोरासमोर असाल तर ५५ च्या. बाइकवाल्याला तुम्ही ३० मीटरवर दिसलात, तर पहिल्या बाबतीत त्याच्या हाती चार सेकंदांहून जास्त वेळ असतो, दुसऱ्या बाबतीत जेमतेम दोन. धडक झालीच तर जोर जवळपास पाचपट.

त्याहून वाईट म्हणजे गल्लीचं तोंड. गंगापूर रोडला मिळणाऱ्या गल्लीतून डावीकडे वळणारा कारवाला उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडूनच येतात. उलटी सायकल त्याच्या डाव्या हाताने येते. ती त्याला दिसते बोनेटसमोर आल्यावर.

मागचं दिसत नाही ही भीती खोटी नाही. त्यावर उपाय आहे: हँडलला उजव्या बाजूला आरसा, मागे रिफ्लेक्टर आणि लाल लाइट. डावीकडूनच चला, पण उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांब. अचानक उघडलेलं कारचं दार तेवढी जागा खातं. सीबीएस बसस्थानकासारख्या मोठ्या सिग्नलला उजवीकडे वळायचं तर मध्ये घुसू नका. सरळ पलीकडे जा, डाव्या कोपऱ्यात थांबा, सायकलचं तोंड वळवा आणि तिकडचा सिग्नल सुटला की निघा.

दुसरं: ‘सायकल ट्रॅक रिकामे असतात, म्हणजे सायकल कुणालाच नको.’ ट्रॅक रिकामे असतात, मान्य. पण का, ते ट्रॅकवर सायकल घातल्याशिवाय कळत नाही. इंडियन रोड्स काँग्रेस किमान दोन मीटर रुंदी सांगते. त्यात विजेची एक डीपी किंवा वडापावची गाडी आली की उरतं काय? प्रत्येक बंगल्याच्या गेटपाशी ट्रॅक खाली उतरतो, पुन्हा चढतो. चेंबरच्या जाळीच्या पट्ट्या प्रवासाच्या दिशेने बसवल्या की पातळ टायर थेट आत. त्या आडव्याच हव्यात. ट्रॅकच्या तोंडाशी खांब रोवताना मधलं अंतर १.२ मीटर ठेवलं तर रिक्षा अडते आणि सायकल मावते. बाइक मात्र कुठल्याच खांबाने अडत नाही, तिला दंडच लागतो. आणि चौक आला की ट्रॅक गायब! जिथे तो सगळ्यात जास्त हवा, नेमका तिथेच.

तिसरं, सायकल म्हणजे रविवारच्या हौशी मंडळींचा खेळ. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामगार कामावर कसे जातात याची नोंद आहे. देशभरात सायकलने जाणारे सुमारे १३ टक्के, मोपेड-स्कूटर-मोटरसायकलवाले त्याहून किंचित कमी, कार-जीपवाले ३ टक्क्यांच्याही आत. आकडे जुने आहेत, तेव्हापासून दुचाक्या भरमसाट वाढल्या, हेही खरं. तरी या १३ टक्क्यांत लायक्राचे तंग कपडे घालणारे हौशी किती असतील? सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट सुटताना बघा. हँडलला डब्याची पिशवी लावून निघालेला माणूस फिटनेससाठी निघालेला नसतो.

चौथं ‘सत्य’, सायकलवाले रोड टॅक्स भरत नाहीत, मग रस्त्यावर त्यांचा हक्क कसला, हे दोन ओळींत संपतं. वाहन कर राज्याच्या तिजोरीत जातो. शहरातले बहुतेक रस्ते महापालिका घरपट्टीतून आणि अनुदानांतून करते, आणि घरपट्टी सायकलवालाही भरतो.

राहिलं पाचवं: नाशिकच्या चढांवर सायकल चालवणं जमायचं नाही. गोदाकाठावरून वर येताना दम लागतो, नाही कोण म्हणतं? साध्या सायकलला मागे बहुधा १८ दातांचं फ्रीव्हील, म्हणजे चेन बसते ते दातेरी चक्र, असतं. ते काढून २२ चं बसवा, चाक थोडं पुढे सरकवा किंवा चेनला एक जोड वाढवा. पायावरचा जोर जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी होतो. सपाटीला पाय थोडे जास्त फिरवावे लागतात, एवढंच.