‘गॉगल घातला ना? मग वाढव पॉवर’ : हा सल्ला पुढे पाठवू नका

लेसर लॅबमध्ये नव्याने आलेल्या मुलांमध्ये एक सल्ला फिरत असतो. कमी पॉवरवर बीम एकदा बसवून घ्या, गॉगल चढवा आणि नॉब फिरवून थेट पूर्ण पॉवरवर जा. चुकून डोळ्यात गेलाच तर पापणी मिटते, आणि जो बीम दिसतच नाही तो काय करणार? यातलं ‘कमी पॉवरवर सुरुवात करा’ आणि ‘गॉगल चढवा’ एवढंच खरं. बाकीच्याने डोळा जाऊ शकतो.

आधी पापणीचं बघू. ती मिटायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यावर निभावतं ते १ मिलिवॅटपर्यंतच्या, दिसणाऱ्या, सलग बीमपुरतं. लेसरचे धोक्यानुसार वर्ग पाडलेले असतात; त्यातल्या ‘क्लास २’ची मर्यादा त्यावरच बेतलेली आहे. साठवलेली ऊर्जा एका झटक्यात सोडणाऱ्या क्यू-स्विच्ड एनडी-याग लेसरची पल्स, म्हणजे तो एक झटका, १० नॅनोसेकंदांची धरली, तर पाव सेकंद म्हणजे तिच्या अडीच कोटी पट. पापणी हलायच्या आत सगळं होऊन गेलेलं असतं. पॉवर मीटरही इथे फसवतो. १० मिलिज्यूलच्या पल्स, सेकंदाला १०, म्हणून तो दाखवतो सरासरी १०० मिलिवॅट. पण त्या एका पल्सच्या आत १ मेगावॅट असतो.

‘दिसत नाही म्हणजे लागत नाही’ हे तर साफ उलटं आहे. ४०० ते १४०० नॅनोमीटरचा प्रकाश डोळा रेटिनावरच, म्हणजे आतल्या पडद्यावरच, एकवटतो, त्याची तीव्रता सुमारे लाखपट वाढवून. दिसणं मात्र ७००च्या आसपास जवळजवळ संपतं. टायटेनियम-सफायर लेसरचा ८०० नॅनोमीटरचा बीम कार्डावर फिकट लाल ठिपका दाखवतो आणि पोरं म्हणतात, पॉवर कमीच आहे. कमी आहे ती आपल्या डोळ्याची संवेदना. रेटिनाला दुखतही नाही, त्यामुळे इजा झाल्याचं कळतं ते वाचताना अक्षरं गायब झाल्यावर.

गॉगल हवाच, पण कोणता? काचेवर छापलेले आकडे वाचा : तरंगलांबी आणि ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे काच त्या तरंगलांबीचा प्रकाश किती अडवते तो आकडा). ५३२ नॅनोमीटरसाठीचा गॉगल १०६४ नॅनोमीटर अडवेलच असं नाही. आणि दिसणाऱ्या बीमच्या अलाइनमेंटचा, म्हणजे बीम जागेवर बसवतानाचा, गॉगल मुद्दाम कमी ओडीचा असतो, ठिपका दिसावा म्हणून. पॉवर वाढवताना तोच डोळ्यावर राहिला तर संरक्षण अपुरं पडतं. तो आधी बदला.

आता नॉब. तो फिरवून लेसरचा करंट वाढवला की आतला क्रिस्टल तापतो, बीमचा आकार बदलतो, दिशाही सरकू शकते. म्हणजे कमी पॉवरवर केलेली अलाइनमेंट वरच्या पॉवरला तशीच राहील याची खात्री नाही. अमेरिकेतल्या लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेत चौथ्या निरीक्षण फेरीत सुमारे २ वॅटवर लॉक मिळवून, म्हणजे आरसे आणि प्रकाश एकमेकांशी जुळवून, मग ६० वॅटच्या आसपास नेत. आरसे तापतात आणि प्रकाशाच्या दाबाने वळू पाहतात, म्हणून पॉवर चढवण्याबरोबर तेही सांभाळावं लागतं. तशीच वेधशाळा हिंगोलीत औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे, तेव्हा हा प्रश्न आपल्याही घरचा आहे.

टेबलावर करंट वाढवण्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे तो स्थिर ठेवून हाफ-वेव्ह प्लेट (प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरवणारी चकती) आणि पोलरायझर (एकाच दिशेचं कंपन पुढे सोडणारा) यांनी पॉवर कमी-जास्त करणं. फक्त एक विसरू नका : पुढे कमी जातेय तेव्हा उरलेली जवळजवळ सगळी पॉवर पोलरायझरच्या बाजूने बाहेर पडत असते. तिथे बीम डंप, म्हणजे बीम शोषून घेणारा ठोकळा, आधी लावा, मगच बीम अडवणारं शटर उघडा.

मग थोडी पॉवर वाढवायची, आयआर कार्डाने (न दिसणारा इन्फ्रारेड बीम पडला की चमकणाऱ्या कार्डाने) प्रत्येक लेन्सच्या पुढेमागे भटके बीम शोधायचे, सापडेल तो अडवायचा, पुन्हा थोडी वाढवायची. कोटिंग नसलेल्या काचेचा एक पृष्ठभाग ४ टक्के परत फेकतो. १० वॅटचे ४०० मिलिवॅट, म्हणजे ‘क्लास ३बी’च्या ५०० मिलिवॅटच्या वरच्या मर्यादेला टेकलेले. घड्याळ, अंगठी काढून ठेवा. पडलेला स्क्रू उचलायला वाकाल तर डोळे बीमच्या उंचीवर येतात, म्हणून आधी शटर बंद. आणि दर वेळी वाढवण्याआधी ‘पॉवर वाढवतोय’ असं मोठ्याने सांगा. खोलीतल्या प्रत्येकाचा होकार आल्याशिवाय वेव्ह प्लेटला हात लावू नका.