अकरा ड्रम आणि एक मेल सर्व्हर

आम्हा लातूरकरांना साठवण कुणी शिकवायला नको. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर. तेव्हापासून आमच्या घरात अकरा ड्रम आहेत. कुकर घासून झाला की बायको त्यातही पाणी भरून ठेवते. अशा घरातला मी, आणि आमच्या संस्थेच्या मेल सर्व्हरचा बॅकअप मात्र... नाही, बॅकअप होता. रोज रात्री दोन वाजता, बिनचूक. त्याच डिस्कवर.

म्हणजे ड्रममधून तांब्या भरायचा आणि खबरदारी म्हणून ड्रममध्येच बुडवून ठेवायचा.

तशा सर्व्हरला डिस्क दोन, जुळ्या. एक गेली तरी दुसरी संसार रेटते. त्यातली एक कधीचीच गेली होती आणि तसं सांगणारा लाल दिवाही लागला होता. पण खंडेनवमीला शिपाईमामांनी सर्व्हरची पूजा केली आणि हळदीकुंकवाचं बोट नेमकं त्या दिव्यावर टेकवलं. सात महिने मी येता-जाता त्याला नमस्कार करत होतो.

मे महिन्यात लाईट गेली. ती जातेच. यूपीएसने थोडा वेळ टीं टीं केलं आणि मान टाकली. लाईट आली तेव्हा उरलेली डिस्क खट्‌ खट्‌ करत होती.

“मेल येईनाच की ओ!” सरांचा फोन. “माझा एक लई महत्त्वाचा मेल होता.”

प्रत्येकाचाच होता. ज्यांनी दिवाळीपासून मेल उघडला नव्हता त्यांचा तर जास्तच.

नव्या मेलची मला काळजी नव्हती. पाठवणारा सर्व्हर आपलं दार बंद बघून लगेच माघारी फिरत नाही. सहसा चार-पाच दिवस पुन्हापुन्हा येऊन कडी वाजवतो. सोयऱ्यांनाही एवढा धीर नसतो. प्रश्न जुन्यांचा होता. मरायला टेकलेल्या डिस्कवर दुरुस्ती करायची नसते, म्हणून रात्रभर बसून आधी तिची जमेल तेवढी नक्कल उतरवली आणि मग त्या नकलेवर दुरुस्ती चालवली. दुरुस्तीत ज्या फायलींचं नावगाव लागत नाही, त्या ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात. नाव म्हणून नुसता एक आकडा.

सिद्धेश्वराच्या यात्रेत हरवलेली पोरं आणून बसवतात ना, अगदी तसं. हजारो पोरं, आणि एकालाही बापाचं नाव सांगता येईना. सुदैवाने आमच्याकडे प्रत्येक मेलची वेगळी फाईल होती आणि आत ‘प्रति’ची ओळ शाबूत. ती वाचून ज्याचा मेल त्याच्या पेटीत घालणारा प्रोग्राम लिहिला. मधूनमधून नजर पडायचीच. संस्थेचा कारभार मुख्यत्वे गुलाबाच्या फुलांच्या चित्रांवर चालतो, हे मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी सर्व्हर उठला. बऱ्याच दिवसांनी नळ येतो तसाच. आधी नुसती हवा, मग गढूळ: लॉटरी, प्लॉट, बिनव्याजी कर्ज. मग कुठे कामाचे मेल आले.

एक लफडं राहिलंच. मेल वाचला की नाही, ही खूण फाईलच्या नावात असते आणि नावंच गेलेली. त्यामुळे यात्रेतून आणलेला प्रत्येक मेल न वाचलेला, ठळक अक्षरांत. लोकांनी दोन-तीन वर्षांपूर्वीच्या बैठकांना “येतो” म्हणून कळवलं. दुपारी सरांचं उत्तर मलाही आलं: “मंजूर. एवढ्यासाठी विचारायचं कशाला?”

खाली माझाच दोन वर्षांपूर्वीचा मेल होता. विषय: बॅकअपसाठी वेगळी हार्डडिस्क घेणेबाबत.

डिस्क त्याच संध्याकाळी आणली. बॅकअप संस्थेबाहेर असावा म्हणून नक्कल घेऊन घरी नेली आणि बायकोला म्हणालो, “नीट ठेव, लई महत्त्वाची आहे.” तिने ती घरातल्या सगळ्यात महत्त्वाच्या जागी ठेवली. तिसऱ्या नंबरच्या ड्रमच्या झाकणावर.