कॅनमधला समुद्र आणि कोरलचा रंग

बेळगावात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे आम्ही मोजकेच लोक. तरी एक मेसेज गेल्या काही महिन्यांत मला तीन ठिकाणांहून आला: आधी शहापुरातल्या एका ओळखीच्याकडून, मग निपाणीहून, आणि शेवटी माझ्या भाच्याकडून. त्याचा मजकूर थोडक्यात असा. टाकीसाठी मिळणारं तयार रीफ सॉल्ट, म्हणजे समुद्रासारखं पाणी बनवायचं क्षारांचं मिश्रण, ही लुबाडणूक आहे. गोव्याला गेलात की चार कॅन समुद्राचं पाणी भरून आणा, कमी पडलं तर मिठागरातलं खडं मीठ नळाच्या पाण्यात विरघळवा. मधूनमधून खायचा सोडा टाका. निळा एलईडी जितका प्रखर आणि जितके तास चालू, तितका रंग खुलतो. कोरल, म्हणजे प्रवाळ, उजेडावर जगतं, त्याला खाणं लागत नाही. बेळगावची हवा थंड, त्यामुळे तापमानाची काळजी नको. आणि मालवणच्या किनाऱ्यावरून एक जिवंत दगड उचलून आणला की बाकीचं आपोआप जमतं.

भाच्याने यातलं जवळजवळ सगळं केलं. दोन महिन्यांनी त्याचा फोन आला, "मामा, येऊन बघ की, कोरलला कायतर होऊलालंय." मी गेलो. लेदर कोरल आक्रसून बसलं होतं, झोअँथिडची तोंडं मिटलेली, आणि दिव्याखालचे दोन मशरूम कागदासारखे पांढरे. (लेदर, झोअँथिड, मशरूम ही सगळी टाकीतल्या कोरलांचीच नावं.) म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे मिठाविषयी जरा जास्त बोलणार, तेवढं चालवून घ्या.

खडं मीठ समुद्रातूनच येतं, मग ते पाण्यात टाकलं की पुन्हा समुद्र तयार होईल, हे ऐकायला पटतं. पण गोकर्णजवळ साणीकट्ट्याच्या मिठागरात काय घडतं ते डोळ्यांसमोर आणा. पाणी उन्हात आटत निम्म्याच्या आसपास येतं तेव्हा कॅल्शियम कार्बोनेट खाली बसू लागतं. साधारण पाचव्या हिश्श्यावर आलं की जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, बसतं. साधं मीठ, सोडियम क्लोराईड, त्याच्याही नंतर, मूळ पाण्याचा दहावा हिस्सा उरल्यावर. ते गोळा केलं की मागे एक कडू पाणी राहतं आणि बहुतेक मॅग्नेशियम आणि पोटॅशियम त्यात जातं. म्हणजे कॅल्शियम मिठाच्या आधी निघून गेलं आणि मॅग्नेशियम मिठाच्या नंतर उरलं. आपल्या हातात आलं ते जेवणासाठी उत्तम मीठ. एक लिटर समुद्राच्या पाण्यात 400 मिलिग्रॅमहून थोडं जास्त कॅल्शियम आणि सुमारे 1300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. टणक कोरल आपला सांगाडा या कॅल्शियमवर बांधतं, आणि ते कॅल्शियम पाण्यात विरघळलेलं राहावं यासाठी मॅग्नेशियम लागतं. मऊ कोरलांनाही सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचं हेच प्रमाण लागतं, कारण त्यांचं शरीर बाहेरच्या पाण्याशी सतत देवाणघेवाण करत असतं.

भाच्याने खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर दाखवला. समुद्राच्या पाण्याला त्यावर साधारण 35 येतात. "बघ, 35 दाखवूलालाय." दाखवणारच. ते यंत्र पाण्यातून जाणारा उजेड किती वाकतो एवढंच मोजतं. विरघळलेलं काय आहे हे त्याला कळत नाही. नुसतं मीठ विरघळवूनही 35 आणता येतं. तयार रीफ सॉल्टमध्ये हे बाकीचे क्षार मोजून मिसळलेले असतात. लिटरला 36 ते 38 ग्रॅम लागतं आणि पैसे जातात, हे खरं. पण ते पैसे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आहेत, नुसत्या खारटपणाचे नाहीत.

ज्या पाण्यात ते मिसळायचं त्याचंही तेच. बेळगावला येणारं राकसकोप जलाशयाचं पाणी प्यायला गोड आहे, माझं बालपण त्यावर गेलं. टाकीत मात्र नळाचं क्लोरीन, पाइपातलं तांबं, सिलिकेट, फॉस्फेट हे सगळं साठत जातं. तांबं तर अगदी किंचितही कोरलांना आणि कोळंब्यांना विषासारखं. टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, शून्य दाखवणारं आरओ-डीआय पाणी लागतं, म्हणजे गाळून वर उरलेसुरले क्षारही काढलेलं. स्वयंपाकघरातला आरओ चालत नाही, कारण चव यावी म्हणून त्यातले बरेच फिल्टर काही क्षार शेवटी परत मिसळतात.

आता गोव्याचं पाणी. समुद्राचं पाणी वाईट आहे असं मी म्हणत नाही. किनाऱ्यापासून लांब, स्वच्छ ठिकाणचं पाणी गाळून वापरणारी मोठी मत्स्यालयं जगात आहेत. आपण मात्र भरतो ते पुळणीवर गुडघाभर पाण्यात उभं राहून. त्यात वाळू, सांडपाणी, होड्यांचं तेल असतं. भरीला न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव, जे बंद कॅनमध्ये चोर्ला घाट चढेपर्यंत मरू लागतात आणि घरी येईपर्यंत पाण्यात अमोनिया होऊ लागतो. पावसाळ्याची गोष्ट तर आपल्याच दारातून सुरू होते. आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावलेली म्हादई खाली मांडवी होऊन समुद्राला मिळते. जून ते सप्टेंबर आपल्या जंगलातला सगळा पाऊस ती गोव्याच्या किनाऱ्यावर ओतते, आणि मुखाजवळच्या पाण्याचा खारेपणा खूप खाली येतो. जुलैमध्ये भरलेला कॅन आणि जानेवारीत भरलेला कॅन यांत वेगवेगळं पाणी असतं, आणि कोरलला सर्वांत जास्त त्रास अशा बदलाचाच होतो.

खायच्या सोड्याचं मात्र मेसेजमध्ये अर्धं बरोबर आहे. सोडियम बायकार्बोनेटने अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, वाढते, आणि टणक कोरल अल्कलिनिटी खातात. पण "मधूनमधून" हे माप नव्हे. 100 लिटर पाण्यात 1 डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) वाढवायला साधारण 3 ग्रॅम सोडा लागतो. आधी टेस्ट किटने मोजायचं, 8 ते 9 च्या आसपास ठेवायचं, आणि एका दिवसात 1 पेक्षा जास्त हलू द्यायचं नाही. नुसते मशरूम आणि लेदर असतील तर दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तरी बहुतेक वेळा पुरतं. बेकिंग पावडर मात्र कधीच नको, त्यात आम्ल आणि स्टार्च असतं.

उजेडाच्या दाव्यापाशी मला सर्वांत जास्त थांबायचं आहे, कारण सगळ्यात जास्त कोरलं याच समजुतीने मरतात. कोरलच्या शरीरात झोअँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं. ते प्रकाशातून साखर बनवतं आणि तिचा मोठा हिस्सा कोरलला देतं. त्याचा स्वतःचा रंग तपकिरी. हिरवा, जांभळा, गुलाबी हे रंग बहुतांशी कोरलच्या स्वतःच्या प्रथिनांचे असतात, आणि निळ्या उजेडात ती चमकतात. म्हणून फक्त निळे दिवे लावून काढलेल्या फोटोत सगळं झगमगतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं, दिवा वाढवला की रंग वाढेल. उजेड प्रमाणाबाहेर गेला की शेवाळ पेलणार नाही इतका ऑक्सिजन बनवतं, तोही पेशी जाळणाऱ्या रूपात, आणि कोरल त्या शेवाळाला बाहेर टाकतं. उरते पारदर्शक कातडी. भाच्याचे ते पांढरे मशरूम हेच सांगत होते. मशरूमना मुळात सावली आवडते. त्यांना 50 ते 100 पीएआर (वनस्पतींना वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) पुरतो. खडकाच्या माथ्यावर चौदा तास पूर्ण ताकदीचा एलईडी म्हणजे त्यांना जाळणंच.

आणि चमकतं तेच निरोगी, हेही खरं नाही. काही कोरलं पांढरी पडण्याआधी अचानक निऑनसारखी गुलाबी, निळी, पिवळी होतात. साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये याचं कारण मांडलं: शेवाळ गेलं की शरीरात शिरलेला निळा उजेड आतल्या आत परावर्तित होत राहतो, आणि कोरल स्वतःला झाकण्यासाठी रंगद्रव्यं भराभर बनवतं. तो झगमगाट म्हणजे संकटातली धडपड. नवा दिवा आणला तर 30-40 टक्क्यांवर लावा, दर आठवड्याला पाचेक टक्के वाढवा, दिवसाला आठ-दहा तास पुरे.

खाण्याचं थोडक्यात. शेवाळ साखर देतं, नायट्रोजन आणि फॉस्फरस बाहेरून यावा लागतो. रात्री टाकीवर टॉर्च मारून पाहा, झोअँथिडचे शुंडक खाणं शोधत असतात. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेलेल्या टाकीत कोरल फिकट पडतं, फार वाढलं तर तपकिरी होतं. नायट्रेट 2 ते 10 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), फॉस्फेट 0.03 ते 0.1 च्या दरम्यान ठेवा. एक मात्र जपा: झोअँथिड लागलेला दगड कधीही गरम पाण्यात उकळू नका, उघड्या हाताने घासू नका. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे भयंकर विष असतं, आणि त्याच्या वाफेने माणसं रुग्णालयात गेली आहेत.

बेळगावच्या थंड हवेचा आपल्याला अभिमान आहे, मलाही आहे. पण कोरलच्या दृष्टीने आपली हवा थंड नसून हलती आहे. डिसेंबरच्या रात्री हीटर नसेल तर पाणी 20 अंशांवर येतं. एप्रिलच्या दुपारी बंद खोलीत, दिव्याच्या आणि पंपाच्या उष्णतेने, ते 30 पार जातं. समुद्रात नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एकच अंश जास्त काही आठवडे राहिला तरी प्रवाळ पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010 आणि 2016 ला तेच झालं. आपल्याला हीटरही लागतो आणि पाण्यावर वारा घालणारा पंखाही. पंख्याने पाणी उडतं पण मीठ मागे राहतं, म्हणून भर आरओ-डीआय पाण्याचीच घालायची. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा. अंधारात, थांबलेल्या पाण्यात कोरल आणि मासे दोघांचाही श्वास कोंडतो.

आणि तो मालवणचा दगड. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. टणक प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे यांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. मेलेला सांगाडा उचलणंही त्यात येतं, शिक्षा तीन ते सात वर्षांची. कायदा बाजूला ठेवला तरी हात जाऊ नये. तो दगड तिथे काय काय धरून बसला आहे हे मी गुडघाभर पाण्यात मास्क लावून पाहिलं आहे: कोवळे मासे, खेकड्यांची पिल्लं, स्पंज, त्यावर चढलेलं आणखी एक प्रवाळ. टाकीत सांगाडा हवाच असेल तर कोरडा सिरॅमिक दगड घ्या आणि त्यावर जिवाणू रुजायला सहा आठवडे थांबा. कोरल घ्याल तर दुसऱ्याच्या टाकीत वाढलेला मऊ कोरलचा तुकडा, पावतीसकट.

भाच्याने तो दगड आणला नव्हता, एवढं बरं झालं. त्या संध्याकाळी आम्ही दिवा 35 टक्क्यांवर आणला, मशरूम खडकाच्या सावलीत सरकवले, आणि माझ्या टाकीसाठी मिसळलेलं पाणी वापरून त्याच्या टाकीतलं पाणी चार दिवसांत थोडं थोडं बदललं. लेदर तीन आठवड्यांनी उघडलं. एक मशरूम गेला. दुसऱ्याच्या कडेला आता तपकिरी छटा येते आहे, आणि भाचा रोज तिचा पांढऱ्या उजेडात फोटो पाठवतो.