पिस्टन वाजवून घ्यावा

आधीच सांगतो, पिस्टन माझ्या हातून पडला नाही.

यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल यवतेश्वरच्या घाटात जाम झाली, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला, तो सिलिंडर, म्हणजे ब्लॉक, उतरवला, लेथवाला म्हणाला, ‘आधी पिस्टन आणा, मग बोर मारू.’ इथवरची कथा साताऱ्यात घरटी एक सापडेल. लेथवाल्याचं म्हणणं बरोबर होतं. डबीवर ०.५०, म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा, असं छापलं असलं तरी आतला पिस्टन मिलिमीटरच्या शंभराव्या भागात इकडेतिकडे असतोच. म्हणून पिस्टन मोजायचा आणि त्याच्या मापानं ब्लॉक कापायचा. उलटं करणं म्हणजे सदरा शिवून मग त्यात बसेल असा माणूस शोधत गावभर फिरणं.

मापही ठरलेलं होतं. या गाडीचा मूळ बोर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाची रुंदी, ५० मिलिमीटर. ब्लॉकवर ०.२५ चं बोरिंग आधीच झालेलं, त्यावर नख अडकेल असे ओरखडे. म्हणजे आता ०.५०. पुढे ०.७५ आणि १.०० अशा दोन पायऱ्या शिल्लक, त्यानंतर नवा स्लीव्ह, म्हणजे ब्लॉकच्या आतलं लोखंडी अस्तर. इतकं पाठ करून मी काउंटरवर उभा राहिलो.

“आरएक्स शंभरचा पिस्टन, ०.५० ओव्हरसाईझ.”

पोरानं आरएक्स १३५ चा आणून ठेवला. त्याचा बोर ५८.

“हा मोठा आहे रे.”

“मग तुम्हाला ओव्हरसाईझच पायजे ना?”

नंतर योग्य डबी निघाली. एक नाही, तीन. ‘वरिजनल’, ‘वरिजनलसारखा’ आणि ‘चालतोय’. ही गाडी भारतात १९८५ साली आली, १९९६ साली बंद झाली. तरी ‘वरिजनल’ची डबी अशी करकरीत की शाई अजून ओली असावी. ज्या गाडीला मध्यंतरी भंगारवाला दारात उभं करत नव्हता, तिच्यावर आता पोरं जीव टाकतात, आणि त्या जिवाची किंमत बोल्ट-नटासकट प्रत्येक वस्तूवर चढलेली आहे. बिल मागितलं तर मालक असा बघतो, जणू आपण त्याची जन्मपत्रिका मागितली.

असो. डबीपेक्षा माल बघावा. माथ्यावर बाण हवा. तो बसवताना सायलेन्सरच्या बाजूला येतो. रिंगच्या खोबणीत बारीक पिन हवी, कारण टू-स्ट्रोकमध्ये रिंग फिरून चालत नाही. फिरली तर तिची टोकं पोर्टमध्ये, म्हणजे ब्लॉकच्या भिंतीतल्या झरोक्यांत, अडकून तुटतात. इनटेकच्या, म्हणजे मिश्रण आत येण्याच्या, बाजूला स्कर्टला, म्हणजे पिस्टनच्या खालच्या घेराला, खिडक्या असतात, त्यांच्या कडांवर ओतकामाची कुसळं नकोत. पिस्टनला दांड्याशी जोडणारी गजन पिन अंगठ्याच्या दाबानं सरकावी, खुळखुळू नये. ही पिन जागेवर धरणारे लॉक नवेच हवेत. जुनं लॉक परत टाकणारा मेकॅनिक आपला शत्रू समजावा. हे सगळं बघून मी मधली डबी बाजूला काढली. ०.५० चा तेवढा एकच नग होता.

तेवढ्यात शेजारून हात आला.

पांढरी टोपी, खिशात दोन पेनं, फवारणीच्या पंपाचं ऑईल सील न्यायला आलेले एक आजोबा. त्यांनी पिस्टन उचलला, आत फुंकर मारली, कानाशी धरला आणि घराच्या किल्लीनं टक टक वाजवला. दुकान शांत. काउंटरवरच्या पोरानंही मोबाईल खाली ठेवला.

“बद्द वाजतंय,” आजोबा म्हणाले.

“काका, पिस्टन वाजवत नाहीत, मोजतात.”

“मोजून काय व्हतंय? पत्रिका जुळवून केल्याली लग्नं मोडत्यात. वाजवून घेतलेलं मडकं मोडत न्हाय.”

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. पिस्टन गोल दिसतो पण गोल नसतो, किंचित लंबगोल असतो. माथ्याकडे निमुळता असतो, कारण तिथं उष्णता जास्त आणि फुगणंही जास्त. म्हणून तो गजन पिनच्या काटकोनात, स्कर्टच्या खालच्या कडेपासून साधारण १० मिलिमीटर वर मायक्रोमीटरनं मोजायचा. ब्लॉक आणि पिस्टनमधली फट मिलिमीटरच्या शंभर भागांपैकी तीन-चार भाग, म्हणजे निम्म्या केसाएवढी. कमी ठेवली तर पिस्टन फुगून चारी कोपऱ्यांवर घासतो. जास्त ठेवली तर थंड गाडी टकटक करते आणि पुढे स्कर्टला चीर जाते.

“केसाएवढी?” त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथं मापाला फारसं काही उरलेलं नाही. पोरगं हसलं. ते हसू मी अजून विसरलेलो नाही.

“आन् झिरो पन्नास कशाला?” आजोबा पुढे सरसावले. “एकचाच टाका की. मोठा पिष्टन, मोठी पावर. एकदाच खर्च.”

आता हिशेब ऐका. ५० बाय ५० चं इंजिन म्हणजे ९८ सीसी. ०.५० केलं की १००. सरळ १.०० केलं तरी १०२. ०.५० च्या पुढं मिळाले दोन सीसी, पोह्याच्या अर्ध्या चमच्यापेक्षाही कमी, आणि त्यापायी स्लीव्हच्या उरलेल्या दोन्ही पायऱ्या एका दमात संपल्या. हे मी बोलून दाखवलं. आजोबांनी मान डोलावली, “बरोबर हाय,” म्हणाले, आणि पुन्हा वाजवायला पिस्टन उंच धरला.

तो निसटला. कडाप्प्यावर आधी स्कर्टची कड टेकली, मग गजन पिन घरंगळत रॅकखाली गेली.

टू-स्ट्रोकचा स्कर्ट खिडक्यांमुळे आधीच नाजूक. कडेला ठेच लागली की ती कड बाहेर येते, आणि बाहेर आलेली कड ब्लॉकच्या भिंतीवर नांगर चालवते. नख फिरवलं तर उंचवटा लागत होता.

“काय झालं न्हाय,” पोरगं म्हणालं, “जरा कानस मारा.”

“दुसरा दे.”

“दुसरा न्हाय. आन् तुमीच तर काढाया लावला.” त्यानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. विकलेला कधी, हे पाटीवर नव्हतं. आजोबांनी पिस्टन उचलून धोतराला पुसला, किल्लीनं पुन्हा वाजवला आणि चेहरा खुलला.

“आता कसा खणखणीत वाजतोय बघा!”

पैसे मी दिले. आजोबांना ऑईल सील दोन रुपये कमी करून मिळालं.

दुसरा पिस्टन दुसऱ्या दुकानातून. तिथं फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेला, पिस्टनही दाखवला. तो चिवट खरा, पण तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून फट जास्त ठेवावी लागते. बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाईलवाल्यांना हे दुखणं चांगलं माहीत असतं. कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू केल्या केल्या पिळली की पिस्टन फुगतो, सिलिंडर मात्र अजून गार, आणि इंजिन जागच्या जागी जाम. आपल्याकडे बर्फ नाही, घाट आहे. रोजच्या गाडीला ओतीव पिस्टन पुरे.

जुना पिस्टन मात्र फेकू नका, जाम का झाली ते त्याच्यावर लिहिलेलं असतं. चारी कोपऱ्यांवर उभे ओरखडे म्हणजे फट कमी. फक्त सायलेन्सरच्या बाजूला ओरखडे म्हणजे ऑईल कमी किंवा मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. माथ्याला भोक म्हणजे ठिणगीचं टायमिंग पुढे, नाहीतर क्रँकचं सील हवा ओढतंय. आमच्यावर सायलेन्सरच्या बाजूचे ओरखडे होते. ऑईल पंपाची केबल ढिली निघाली. ती तशीच ठेवून नवा पिस्टन टाकला असता, तर पुढच्या महिन्यात ०.७५ साठी त्याच काउंटरवर गेलो असतो.

बोरिंग आणि होनिंग, म्हणजे आतून बारीक घासणं, झालं की पोर्टच्या धारदार कडा मोडून घ्या. बरेच लेथवाले हे विसरतात. रिंग एकटी ब्लॉकमध्ये घालून पिस्टननंच सरळ ढकला आणि टोकांमधली फट फिलर गेजनं, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, बघा, ०.१५ ते ०.३५ मिलिमीटरच्या आत असली की ठीक. पहिले काही दिवस गाडी पिळायची नाही, आणि एका सुरात लांबवर दामटायचीही नाही.

ठेच लागलेला पिस्टन आता माझ्या टेबलावर कागदांवर ठेवलेला असतो. सगळ्यात वर त्याचंच बिल. भांडून मिळवलेलं. त्यावर पोराच्या अक्षरात लिहिलंय: ‘पिस्टन किट १ नग. वाजवून दिले.’