विशाखाताई हास्यजत्रा सोडून गेल्या तेव्हाच आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं

एका लेखात लिहिलंय की जुने कलाकार सोडून गेले की टीव्हीवरच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' या विनोदी कार्यक्रमात राम राहत नाही, निम्मं पटलं. 2022 ला विशाखाताई सुभेदार गेल्या तेव्हा आमची आई कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन टीव्हीसमोर बसलेली, त्यांच्या जोडीचे समीर चौघुले एकटेच स्टेजवर आले तर घास हातातच राहिला तिचा, म्हणाली आता याला ओरडणार कोण. मग 2024 ला गौरव मोरे पण गेला, फिल्टरपाड्याचा बच्चन म्हणून एंट्री घेतली की आमच्या गल्लीतली पोरं शिट्ट्या मारायची ओ. पण प्राजक्ता माळीला नुसती निवेदिका म्हणू नका, ती मनापासून हसते म्हणून नवीन पोरांना धीर येतो, हे लई कमी लोकांना दिसतं. तिकडं 'चला हवा येऊ द्या' या दुसऱ्या विनोदी कार्यक्रमात 2025 ला सूत्रसंचालक निलेश साबळेंच्या जागी अभिजीत खांडकेकर आले, माणूस चांगलाय, पण साबळे स्वतःच लिहायचे, नक्कल करायचे, ती सवय डोळ्यांची इतक्यात जात नाही. ज्याला जायचंय त्याला जाऊ द्या, त्याचंही पोट आहे, फक्त जाताना एक एपिसोड नीट निरोपाचा करा की राव, आम्ही सोलापूरकर एवढी वर्षं जीव लावून बघतोय.